आठातली चार पानं

माझी नात मला वाचनालयातून पुस्तकं आणून देते. माझी आवड तिला आता पाठ झाली आहे. देवादिकांची नकोत, उपदेशाची तर मुळीच नकोत. "आजी, ह्यात खून न्हाई, पण नवऱ्याच्या पोटात कायतरी हाय," असं म्हणून ती पुस्तक पुढं करते आणि मी चष्मा शोधायला लागते. घरातल्या घरात काहीतरी दडवलेलं आहे, वाढणाऱ्या हाताला ते ठाऊक आहे आणि जेवणाऱ्याला नाही, अशी कादंबरी हातात पडली की माझी आमटी करपते. या वयातही करपते. माझ्यासाठी करपलेलं पातेलं वेगळं ठेवलंय, असं सूनबाई शेजारणीला सांगत असते.

चोरदरोडेखोरांच्या गोष्टींनी मला कधी धरून ठेवलं नाही. दरोडेखोर बाहेरून येतो. आपण कडी लावावी आणि निवांत वाचावं. या दुसऱ्या जातीच्या कादंबरीत कडी लावायचीच भीती वाटते, कारण ज्याची भीती तो आत, आपल्याच पाटावर बसून भाकरी मोडत असतो. असलं वाचून बायकांची डोकी फिरतात, असं आमच्या वेळी सगळे म्हणायचे. मला त्या म्हणण्याचा संताप यायचा. पण माझं डोकं फिरलं होतं, हे खरं आहे. ती हकीकत सांगताना मला अजून स्वतःचा राग येतो.

तेव्हा कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं. शाळा सक्तीची व्हायला अजून अवकाश होता, पण माझे वडील कोडोलीच्या शाळेत मास्तर होते. मला त्यांनी पोरांच्या मागं भिंतीला टेकवून बसवलं, म्हणून मला वाचता येत होतं. सोळाव्या वर्षी मला शहरात, शनिवार पेठेत दिली. नवरा बिजवर. पहिली बायको प्लेगात गेली, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. त्या वर्षांत प्लेगात कोणाचं कोण गेलं हे कोणी फार खोदून विचारत नसे. ज्याच्या त्याच्या घरात कोणी ना कोणी गेलेलंच होतं.

घर दोन खोल्यांचं, एका ओळीतल्या सहा घरांपैकी चौथं. माणसं तीन. मी, घरधनी आणि सासू. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. घरधनी एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत उचलायचं आणि उलटी ओळ लावायची, हे दिवसभराचं काम. बोटं कायम काळी, बोलणं कमी. दंडाला काळ्या कापडात शिवलेला ताईत, गालावर देवीचा एक व्रण, जेवताना मान खाली. या माणसाची सगळी अक्षरं छापखान्यातच संपून जातात, असं मला वाटायचं.

आठवड्यातून एकदोनदा ते रद्दी ताव घेऊन यायचे. छापताना शाई फाकली, कागद दुमडला, की तो ताव बाजूला टाकतात. त्याची मागची बाजू कोरीच राहते. असले ताव आमच्या घरात फळ्यांवर अंथरायचे. डबे खाली घ्यायचे, जुना ताव काढायचा, नवा घालायचा, हे काम माझं. पहिल्यांदा मी तो घालता घालता वाचला तेव्हा माझ्या हातात मिठाची बरणी होती, आणि ती बराच वेळ हातातच राहिली.

कादंबरी होती. एका कारकुनाच्या घरातली. तरुण बायकोला एके सकाळी दिसतं की घरात माणसं दोन आणि धुतलेल्या ताटल्या तीन. एवढ्यावर पहिलं पान संपत होतं. मी दुसरं शोधायला लागले, तर त्याच्या शेजारी आठवं. वरच्या अंगाला डोकं खाली पाय वर करून चौथं आणि पाचवं. दुसरं, तिसरं, सहावं, सातवं नव्हतंच. ती पानं मागच्या बाजूला यायची असतात, आणि माझ्या तावाची मागची बाजू पांढरीफटक. पुढच्या आठवड्यात नऊ, बारा, तेरा, सोळा आली. दर आठातली चार पानं माझ्या वाट्याला, चार नाहीत.

कोणी दुसरी असती तर वैतागून सोडून देती. मला उलट त्याचं वेडच लागलं. चौथ्या पानावर नवरा म्हणतो, घरात उंदीर झालेत. पाचव्यावर बायको पिठाच्या डब्यात बोटानं रेघ ओढून ठेवते. आठव्यावर ती रेघ खाली गेलेली असते आणि नवरा तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, तू फार बघतेस. मधल्या पानांत काय झालं असेल? मी भांडी घासताना, जात्यावर बसल्यावर तेच रचत राहायची. आणि रचायला सामान कुठून आणणार? मी पाहिलेलं घर एकच होतं. कारकुनाच्या घराला आमचीच चूल आली, आमचाच पाट आला, आणि त्या नवऱ्याची बोटं हळूहळू शाईनं काळी झाली.

फळीवरची उलटी पानं वाचायला मी मान वाकडी करून तासतास उभी राहायची. आत्याबाईंना वाटलं माझी मान धरली. त्यांनी आठ दिवस मला कोमट तेल चोळलं. मीही मुकाट्यानं चोळून घेतलं.

एकदा धीर करून घरधन्यांना विचारलं, "अवं, त्या कादंबरीत पुढं काय हुतंय वो?"

"कुठल्या?"

"त्या ताटल्यांच्या."

त्यांनी घास तोंडात ठेवला, चावला, गिळला. "मला न्हाई ठाऊक. मी अक्षरं जुळवतो की. गोष्ट कोन वाचतंय."

मला हे पटलं नाही. प्रत्येक अक्षर ज्याच्या बोटांतून जातं त्याला गोष्ट ठाऊक नाही, हे कसं? त्या दिवसापासून मी ठरवलं की हा माणूस काहीतरी दडवतो. खिळे जुळवणारा ओळ उलटी बघतो आणि एकेका अक्षराच्या पलीकडं बघायला त्याला उसंत नसते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा कळलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही.

आमच्या शेजारच्या घरात एक चाची राहायच्या. त्यांचे यजमान छापखान्याची पुस्तकं बांधायचे आणि चाची घरी बसून तावांच्या घड्या घालायच्या. मुसलमान घर, पण आमच्या पेठेतल्या रीतीभाती त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ. मला दिवस राहिल्याचं कळल्यावर त्या बघायला आल्या, माझ्या गळ्याकडं नजर टाकली आणि म्हणाल्या, "अगं बेटी, तुझ्या गळ्यात टाक कसा न्हाई?"

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिली बायको वारली आणि माणसानं दुसरी केली, तर पहिलीच्या नावानं चांदीच्या पत्र्यावर बाईची आकृती उठवून घेतात. तो सवतीचा टाक. दुसरीनं तो जन्मभर गळ्यात घालायचा. सणाला आधी त्याला हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं आलं की आधी त्याला दाखवायचं, मग आपण नेसायचं. म्हणजे गेलेली रुसत नाही आणि नवीच्या पोटातल्या लेकरावर उठत नाही. लग्नात माझ्या वडिलांना वाटलं होतं की टाक सासरी गेल्यावर घालतील. मला वाटलं की आत्याबाई चांगला दिवस बघून घालतील. वर्ष गेलं आणि कोणी काही घातलं नाही.

चाचींचं बोलणं मी हसण्यावारी नेलं, पण त्या गेल्यावर फळीवरच्या तावाकडं बघत बसले. टाक मेलेल्या सवतीचा करतात. इथं टाक नाही. याचा अर्थ काय होतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मग मी घर वाचायला लागले. पहिलीचं घरात काय आहे ते शोधलं. लुगडं नाही, चोळी नाही, फणी नाही, तिच्या माहेरचं एक भांडंसुद्धा नाही. मेलेल्या बाईचं काहीतरी मागं राहतंच. जी उठून गेली, ती मात्र आपलं सगळं घेऊन जाते. मी आत्याबाईंना सरळ विचारलं, "आत्याबाई, सवतीचा टाक कुटं हाय?"

त्या ज्वारी निवडत होत्या. हात थांबले. "त्याला इचार," एवढंच बोलल्या आणि सूप घेऊन दारात जाऊन बसल्या.

घरधन्यांना मी विचारलं नाही. कादंबरीतल्या बायकोनंही नवऱ्याला विचारलं नव्हतं, निदान माझ्याकडच्या पानांत तरी नाही. विचारलं की सावध होतात, हे मी तिच्याकडून शिकले होते. मी भाकऱ्या मोजायला लागले.

रोज सकाळी आठ भाकऱ्या थापायची. तीन घरधन्यांच्या, दोन आत्याबाईंच्या, दोन माझ्या. राहिली एक. ती संध्याकाळपर्यंत नाहीशी. इतके दिवस मी हे बघत होते आणि माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं! एक दिवस मुद्दाम सातच थापल्या, तर आत्याबाई म्हणाल्या, "आज कमी का गं? आनि एक थाप." मी टाकली. ती भाकरी त्यांनी फडक्यात गुंडाळली, वर चिमूटभर मीठ, आणि दुपारी देवळातल्या मोठ्या घंटेचे, घाटीचे, टोले पडल्यावर पदराखाली घेऊन बाहेर पडल्या. "देवळाला जाऊन येतो," म्हणाल्या. देवीला कोणी मीठभाकरी नेत नाही. मी कोपऱ्यापर्यंत मागं गेले. त्या देवळाकडं वळल्याच नाहीत, नदीच्या वाटेला लागल्या. पोटुशी सून एकटी रस्त्यावर उभी राहिलेली लोकांनी बघितली असती, म्हणून मी परत फिरले.

आता सांगायला हसू येतं, पण तेव्हा माझी खात्री झाली होती. पहिली जिवंत आहे. नदीकडच्या कुठल्यातरी खोलीत आहे. वेडी असेल, रोगी असेल, नाहीतर टाकलेली असेल. आई तिला भाकरी पोचवते आणि मुलाला ठाऊक आहे. मग मी कोण? माझ्या पोटातलं लेकरू कोणाचं म्हणवणार? उद्या ती दारात येऊन उभी राहिली की मला पाट सोडून उठावं लागणार. घरधनी कामावरून आले की मी त्यांच्या पायांकडं बघायची. नदीचा चिखल लागलाय का म्हणून. एकदा लागलेला दिसला आणि माझी उरलीसुरली शंकाही गेली. आठ दिवस पाऊस पडत होता, सगळ्या पेठेच्या पायांना चिखल होता, हे मी धरलंच नाही.

आणि या सगळ्यात मला एक मजाही येत होती. हे लपवून काय उपयोग? भाकरी थापणं, पाणी भरणं, शेणानं सारवणं, याच्या खाली दुसरी एक गोष्ट चालली आहे आणि ती फक्त मला दिसते, याची एक गुर्मी चढली होती. सकाळी उठल्यावर मला आज काय सापडतंय याची उत्सुकता असायची. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला कंटाळा येत नव्हता. अशा पुस्तकांची ओढ मला का आहे, याचं खरं उत्तर बहुतेक तेच आहे. मोठेपणी मी ते वाचनालयातल्या पुस्तकांवर भागवत आले. तेव्हा घरावर भागवलं.

सातवा महिना लागला आणि वडील बाळंतपणाला न्यायला कोडोलीहून बैलगाडी घेऊन आले. सकाळची वेळ. घरधनी त्या दिवशी कामावर उशिरा जाणार होते. आत्याबाईंनी माझी ओटी भरली. चाची घड्यांचं काम सोडून डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या, त्यांचे यजमान गाडीवानाशी बोलत होते, ओळीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या. मी गाडीत बसायला निघाले आणि उंबऱ्याशी थांबले.

"आबा, मी येतो, पर परत हितं न्हाई येनार."

वडिलांना आधी वाटलं मी रडतेय. मग त्यांनी माझं तोंड बघितलं. "का गं? मारलं का काय कुनी?"

"मारलं न्हाई. फशीवलंय." आवाज चांगला ओळभर ऐकू जाईल असा लावला होता. "ह्यांची पैली बायकू जित्ती हाय. नदीकडं ठेवलीया. आत्याबाई रोज भाकरी पोचवत्यात. मेली असती तर माझ्या गळ्यात टाक नसता का? दावा म्हनावं टाक!"

बैलांच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजली. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, सापडले. खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला होता. शेवटचं पान माझ्या हातात आलं होतं.

घरधनी भिंतीला टेकून उभे होते. ते माझ्याकडं बघत राहिले, रागानं नाही, एखादी ओळ चुकलीय का बघावं तसं. मग त्यांनी बाही वर सारली, दंडावरचा ताईत सोडला आणि माळ्यावरून अडकित्ता काढून त्याच्या पात्यानं कापडाची शिवण उसवली. काळ्या कापडातून चांदीचा पत्रा त्यांच्या तळहातावर पडला. अंगठ्याएवढा. त्यावर लुगडं नेसलेली एक बाई. वर्षाहून जास्त तो दंड माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याच दंडावर मी डोकं ठेवून झोपले होते.

"पलेगात माळावर झोपड्या बांदल्या हुत्या, तितंच गेली ती," ते म्हणाले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "सरकारी मानसांनी तिचं समदं जाळलं. लुगडी, हातरून, फनीसुदीक. एक तोडा तुटलेला, तेवढा सोनाराकडं जोडाया टाकलेला. त्यो ऱ्हायला. त्याचा ह्यो टाक."

वडील म्हणाले, "मग पोरीच्या गळ्यात का घातला न्हाई, पावणं? रीत हाय न्हवं?"

घरधन्यांनी आधी ओळीतल्या बायकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. शंभर माणसांत बोलायचं नव्हतं ते, आणि मी त्यांना बोलायला लावलं. "हिच्या गळ्यात ती असली, तर हिच्याकडं बघितल्यावर मला कोन दिसंल? म्हनून दंडाला बांधला. मला हीच बघायची हुती."

कोणीतरी बाई फिसकन हसली. आत्याबाई रडत पुढं आल्या. "मला ह्यानं सांगितलं, टाक नदीत सोडला म्हनून. मी म्हातारी काय बोलनार? रोज एक भाकरी तिच्या नावानं घाटावर गाईला घालतो. म्हटलं ह्या पोरीला काय करू नगं बाई, हिच्या पोटाला काय करू नगं. लेकानं रीत मोडली, त्यात हिचा काय गुन्हा?"

मी तिथंच थांबायला हवं होतं. माझी चूक तोवर धुऊन निघणारी होती. संशय घेतला, माफी मागितली, टाक त्यांच्या हातात ठेवला आणि गाडीत बसले, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण सगळ्यांदेखत मी खोटी ठरले होते आणि मला कुठंतरी खरं ठरायचं होतं. आत्याबाई तो टाक माझ्याकडं आणत म्हणाल्या, "आता तरी घाल बाई. बाळंतपन तोंडावर हाय."

"नगं घालू," घरधनी म्हणाले. "मी बांधतो की. ऱ्हाऊ दे माझ्याकडं."

"का म्हनून?" मी म्हणाले. "माझ्या सवतीचा टाक हाय. माझा हक्क हाय त्यो."

वडिलांनी मान डोलावली, रीतीला धरून आहे म्हणून. आत्याबाईंनी एका काळ्या दोऱ्यात टाक ओवून माझ्या गळ्यात बांधला. घरधन्यांच्या दंडावर दोऱ्याचा पांढरा वळ उठून दिसत होता. त्यांनी बाही खाली केली आणि कामावर निघून गेले. गाडी पेठेतून बाहेर पडेपर्यंत चाची सोबत चालत होत्या. त्यांनी लाडवांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि इतकंच म्हणाल्या, "बेटी, मी टाकाचं बोलायला नको हुतं."

कोडोलीत मला मुलगी झाली. ती दोन महिन्यांची असताना वडील काही कामानं शहरात जाऊन आले. येताना त्यांच्यासोबत एक पुडकं होतं. जावयांनी दिलंय, म्हणाले. आत ती कादंबरी होती, पुरी, बांधलेली, कोऱ्या कापडी पुठ्ठ्याची. निरोप असा होता की हिला नुसती एका बाजूची पानं मिळायची, मधली मिळाली न्हाईत, म्हणून सगळं पाठवलंय. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. फळीसमोर मान वाकडी करून मी काय करते हे त्यांना पहिल्यापासून दिसत होतं, आणि रद्दीच्या ढिगातून त्याच एका पुस्तकाचे ताव ते वेचून आणत होते. माझ्यासाठी. छापखान्यात त्या दिवसांत त्यांना बायकोचा टाक बांधणारा म्हणून चिडवत होते, हे वडिलांनी आढेवेढे घेत सांगितलं.

मी पुस्तक उघडलं आणि दुसरं पान वाचलं. मग तिसरं. कारकुनाची विधवा बहीण होती. लोकांनी नावं ठेवलेली, जीव द्यायला निघालेली. भावानं तिला परसातल्या कोठीत ठेवली होती आणि तिसरी ताटली तिची होती. हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या पानावर उघड लिहिलं होतं. वाचणाऱ्याला ते सुरुवातीलाच ठाऊक व्हायचं होतं. पुस्तकभर भीती होती ती नवऱ्याची नव्हतीच. बायको कधी चार माणसांत ओरडते आणि त्या बहिणीला बाहेर काढते, याची होती. सातव्या पानावर नवरा तिला सगळं सांगायला तोंड उघडतो आणि ती तोंड फिरवते. आठव्या पानावरचं "तू फार बघतेस" त्यानंतर येतं. मी ते धमकी म्हणून वाचलं होतं. मी पुस्तक मिटलं आणि मुलीला पाजायला घेतलं. तिला पाजता पाजता मला रडू फुटलं ते थांबेना. आईनं विचारलं तर दूध उतरत नाही म्हणून सांगितलं.

मुलीला घेऊन मी परत आले तेव्हा घरधनी दारात उभे होते. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळला. घरधन्यांनी मुलीला घेतलं, तिच्या मुठीत आपलं काळं बोट दिलं. मग माझ्याकडं बघितलं. नजर आधी गळ्याशी आली, तिथं जराशी थांबली, मग वर तोंडाकडं गेली. मी म्हणाले, "माझं चुकलं. ह्यो घ्या परत, बांधा दंडाला." त्यांनी मान हलवली. "आता ऱ्हाऊ दे. शोभतोय तुला," म्हणाले, आणि मुलीला घेऊन आत गेले.

ते वाईट वागले असं कधी झालं नाही. त्यांनी पुढं मला पुस्तकं आणून दिली, पुरी, दोन्ही बाजूंची. आम्ही सत्तावीस वर्षं संसार केला, आणखी दोन मुलं झाली. पण बाहेरून आले, जेवायला बसले, आजारपणात डोळे उघडले, प्रत्येक वेळी नजर आधी गळ्याशी यायची आणि मग माझ्याकडं. एका सकाळी मी टाक काढून पिठाच्या डब्यात ठेवला आणि मोकळ्या गळ्यानं त्यांच्यासमोर ताट मांडलं. त्यांनी वर बघितलं. तरी नजर आधी गळ्याशीच गेली.